कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टपायी गोळी अडवू नका

प्रति,
राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागात असंसर्गजन्य आजारांचा कार्यक्रम आखणारे सर्व वरिष्ठ अधिकारी

महोदय, महोदया,
सादर नमस्कार.

मला एक छापील तक्ता हवा आहे, रक्त न तपासता हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका दाखवणारा. मराठीत, रंगीत, भिंतीवर लावता येईल एवढा. सोबत एक आदेश हवा आहे, जेमतेम अर्ध्या पानाचा. इतक्या छोट्या मागणीसाठी खुलं पत्र कशाला, असं वाटेल. पण या तक्त्यामागचा विचार पटल्याशिवाय तो तक्ता भिंतीवर नुसताच लटकत राहील, आणि आमच्या भिंतींवर तशी पोस्टरं आधीच भरपूर आहेत.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. पाटीवर आता आयुष्मान आरोग्य मंदिर लिहिलंय, गावासाठी तो दवाखानाच. पाच गावं, तीन हजारांच्या आसपास माणसं, धानाची शेती, मागे जंगल. पावसाळ्यात मधल्या नाल्याला पाणी आलं की दोन गावं तुटतात. माझ्याकडे बीपीचं मशीन आहे, वजनकाटा आहे, मोजपट्टी आहे, शुगर बघायला ग्लुकोमीटर आहे. कोलेस्टेरॉल मोजायची सोय इथे नाही. त्यासाठी रक्ताचा नमुना बाहेर जातो किंवा माणूस बाहेर जातो. माणूस गेला तर एका दिवसाची मजुरी बुडते, आणि रिपोर्ट दाखवायला परत गेला तर दुसऱ्या दिवसाचीही.

गेल्या वर्षी रोवणीच्या तोंडावर एक गृहस्थ आले होते. वय ५४, सडसडीत बांधा, वजन ५१ किलो. बायकोला ताप होता म्हणून तिला घेऊन आले होते. सहज बीपी पाहिलं, १७६/१०२. तीन दिवसांनी पुन्हा बोलावलं, १७२/१००. बिडी-सिगारेट ओढत नव्हते. खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी आणि तंबाखू, मात्र दिवसाला सहा-सात पुड्या. मी त्यांना वर पाठवलं. त्यांची मुलगी दूर शहरात असते, म्हणून ते तिथल्या एका मोठ्या रुग्णालयात गेले. तिथे कागदावर लिहून मिळालं की लिपिड प्रोफाइल (म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी), ईसीजी आणि इको करून या, औषधाचं मग ठरवू. ते कागद घेऊन गावी परतले. रोवणी सुरू झाली होती. ‘मले काई होत नाई मॅडम, मंग कायले एवढा खर्च?’ असं म्हणाले. पोळा झाला की करतो, हे कबूल केलं. पोळ्याच्या आठ दिवस आधी त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला आणि वाचा गेली.

त्यात माझाही वाटा आहे. दोन्ही वेळा बीपी मीच मोजलं होतं. ते कागद घेऊन परतले त्याच दिवशी पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, डॉक्टरांना फोन लावून ‘गोळी सुरू करू या का’ एवढं विचारता आलं असतं. मी विचारलं नाही, कारण कागदावर मोठ्या डॉक्टरांनी तपासण्या लिहिल्या होत्या. नंतर त्या सगळ्या तपासण्या झाल्या. कोलेस्टेरॉल अगदी व्यवस्थित निघालं.

ज्या आकड्यासाठी आम्ही थांबलो, त्यानं काहीच बदललं नसतं.

आमच्या जिल्ह्यात हे एकट्यादुकट्याचं दुखणं नाही. शोधग्रामच्या ‘सर्च’ संस्थेनं इथल्या खेड्यांतल्या मृत्यूंची घरोघर नोंद ठेवून २०१५ साली अभ्यास प्रसिद्ध केला. दर सात मृत्यूंपैकी एक पक्षाघातानं होत होता, आणि मृत्यूच्या कारणांत तेच पहिलं होतं. गडचिरोली म्हटलं की बाहेरच्यांना मलेरिया आठवतो, कुपोषण आठवतं. लकवा आठवत नाही.

आता शास्त्राचं. हृदयविकार किंवा पक्षाघाताचा धोका काढायला रक्ताची तपासणी लागतेच का, हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं उत्तरही बऱ्यापैकी मिळालेलं आहे. हार्वर्डचे थॉमस गाझियानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये अमेरिकेतल्या ६,१८६ लोकांची माहिती तपासली. या लोकांची पहिली तपासणी १९७०च्या दशकात झाली होती, आणि पुढची वीसेक वर्षं त्यांचं काय झालं याची नोंद होती. एकदा कोलेस्टेरॉल धरून धोका काढला. एकदा कोलेस्टेरॉल वगळून त्या जागी उंची-वजनावरून काढलेला बीएमआय घातला. कोणाला झटका येईल आणि कोणाला नाही, हे ओळखण्यात दोन्ही पद्धती जवळपास सारख्याच ठरल्या. पुरुषांतही आणि बायकांतही.

हे कसं होतं, तेही सांगते, कारण माझ्याच बरोबरीचे कितीतरी जण ‘रक्त न बघता कसं काय सांगता येईल’ म्हणतात. धोक्याचं सगळ्यात मोठं ओझं वयावर असतं. त्यानंतर रक्तदाब आणि तंबाखू. कोलेस्टेरॉल खोटं नाही, पण पहिले तिघं हाताशी असताना त्याच्या येण्यानं रांग फारशी हलत नाही. जो पुढे उभा आहे तो पुढेच राहतो. बीएमआय कोलेस्टेरॉलची जागा पूर्ण भरून काढतो असं कोणीच म्हणत नाही. तो उरलेल्या फटीत बसतो, एवढंच.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये नवे तक्ते काढले. ८५ अभ्यासगट, पावणेचार लाखांहून अधिक माणसं, आणि जगाचे २१ भाग करून प्रत्येकाचा वेगळा तक्ता. आपण दक्षिण आशियात येतो. प्रत्येक भागासाठी दोन तक्ते आहेत, एक रक्ततपासणीचा आणि एक बिनतपासणीचा. दुसऱ्यात पाचच गोष्टी लागतात: वय, स्त्री की पुरुष, धूम्रपान, वरचा रक्तदाब आणि बीएमआय. वय ४० ते ७४, पाच-पाच वर्षांचे टप्पे. दाबाचेही टप्पे, १२०च्या आतून १८०च्या वरपर्यंत. आडवं-उभं बोट फिरवायचं, जिथे भेटतील तो चौकोन. चौकोनात आकडा असतो आणि रंग असतो. ५ टक्क्यांच्या आत हिरवा, मग पिवळा, १० पासून नारिंगी, २० पासून लाल, आणि ३० च्या वर गडद लाल. पुढच्या १० वर्षांत झटका किंवा पक्षाघात येण्याची ही शक्यता. आमच्या आशाताईंना हे बाळाच्या वाढीच्या तक्त्याइतकंच सोपं जाईल. माझ्या मते त्याहून सोपं.

‘आशा’ला जमेल का, ही शंका आली असेल तर तिचंही उत्तर आहे. बांगलादेश, ग्वाटेमाला, मेक्सिको आणि दक्षिण आफ्रिका या चार देशांत गावपातळीच्या आरोग्य कार्यकर्त्यांना असाच बिनतपासणीचा तक्ता वापरायला शिकवलं गेलं. २०१५ साली त्याचा निष्कर्ष आला. त्यांनी काढलेला धोका आणि शिकलेल्या वैद्यकीय माणसानं काढलेला धोका सुमारे ९७ टक्के वेळा जुळला. एक गोष्ट मात्र सांगायला हवी: तिथे प्रशिक्षण घेतलेल्या सगळ्यांनाच कामाला लावलं नव्हतं, जे परीक्षेत उतरले तेच गावात गेले. आपल्याकडे प्रशिक्षणानंतर चहा आणि सही होते, परीक्षा होत नाही.

तुम्ही म्हणाल, आशाताई सीबॅक फॉर्म भरतातच की. भरतात. पण सीबॅकचं काम वेगळं आहे. तिशीच्या पुढच्या माणसाला काही प्रश्न विचारायचे, गुणांची बेरीज चारच्या वर गेली तर त्याला आधी तपासणीला आणायचं. ती चाळणी आहे आणि चाळणी म्हणून ठीकच आहे. पण तिच्या गुणांत रक्तदाब नाही. आणि प्रश्नांचं गावात काय होतं, तेही एकदा ऐका. ‘रोज दारू पिता का?’ जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. सरकारी कागदावर ‘हो’ कोण सांगेल? ‘आठवड्यात १५० मिनिटं शारीरिक श्रम होतात का?’ हे चिखलात दिवसभर वाकून रोवणी करणाऱ्या बाईला विचारलं की ती आधी आशाताईकडे बघते, मग हसते. कंबर मोजायची तर लुगड्याच्या निऱ्या सोडायला लागतात, सासरे ओसरीवर बसलेले असतात, मग पट्टी लुगड्यावरूनच फिरते. आणि ‘घरात कोणाला हृदयविकार, बीपी, शुगर होती का’ याचं उत्तर बहुतेक वेळा ‘बाप झोपेतच गेला’ असं असतं. तो कशानं गेला हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. गुण शून्य.

तक्त्यातल्या पाच गोष्टींपैकी चार मात्र मोजायच्या किंवा नुसत्या बघायच्या आहेत. त्यात लाज नाही, कायदा नाही.

पाचव्या गोष्टीवर मात्र मला तुमच्याशी भांडायचं आहे. किंबहुना या पत्राचं खरं कारण तेच आहे. तक्ता फक्त धूम्रपान विचारतो. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, आणि २४.४ टक्के बिनधुराचा तंबाखू खाणारे. म्हणजे आपल्या राज्यात तंबाखू हा तोंडात ठेवायचा, चघळायचा, दातांना घासायचा पदार्थ आहे. इकडे खर्रा, पश्चिमेकडे बायकांची मिश्री, सगळीकडे चुन्याशी मळलेली तंबाखू. तक्त्याच्या लेखी हे सगळे ‘धूम्रपान न करणारे’. माझे ते ५४ वर्षांचे गृहस्थ तक्त्यावर पाहिले असते तर न ओढणाऱ्यांच्या रकान्यात, सडपातळ माणसाच्या चौकोनात बसले असते. दिवसाचे सहा-सात खर्रे तक्त्याला दिसलेच नसते.

आणि तोंडातला तंबाखू हृदयाला निरुपद्रवी आहे असं मुळीच नाही. ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ या मोठ्या अभ्यासाच्या २००६ सालच्या निष्कर्षांत तंबाखू चघळणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता न खाणाऱ्यांच्या दुपटीच्या पुढे दिसली. मग तक्ता बनवणाऱ्यांनी ते का घेतलं नाही? कारण ज्या अभ्यासगटांच्या माहितीवर तक्ता उभा राहिला, त्यांत विचारलेला प्रश्न धूम्रपानाचा होता. ज्यांची मोजदाद झाली, त्यांच्या सवयी तक्त्यात आल्या. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. पण आपण तो तक्ता जसाच्या तसा मराठीत छापला, तर दोष आपला.

माझ्याकडे तोडगा आहे, त्याला शास्त्र म्हणत नाही. खर्रा, मिश्री, तंबाखू रोज खाणाऱ्याचा चौकोन काढताना त्याला धूम्रपानाच्या रकान्यात धरावं. धोका थोडा जास्तच मोजला जाईल कदाचित. पण चूक व्हायचीच असेल तर या बाजूला झालेली मला चालेल. ज्यांना हे चालणार नाही त्यांनी ते संशोधनानं खोडून काढावं. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपुरात एम्स आहे, शोधग्राम आहे. विदर्भातल्या माणसांवर तक्ता बसतो की नाही, हे तपासायला दहा वर्षं लागतील हे मान्य. ती दहा वर्षं मोजायला आजपासून सुरुवात तरी होऊ द्या.

बीएमआयचीही एक खोच आहे. आमच्याकडे माणूस हाडकुळा असतो आणि दाब १७० असतो. वजन कमी म्हणून तक्ता त्याला जरा झुकतं माप देतो. जाड माणसालाच बीपी होतं, हा समज गावातच नाही तर आमच्या काही सहकाऱ्यांच्या मनातही पक्का आहे. म्हणून तक्त्याखाली एक ओळ ठळक छापा: माणूस बारीक दिसतो म्हणून दाब मोजायचा राहू नये. दुसरी ओळ मधुमेहाची हवी. बिनतपासणीच्या तक्त्यात शुगर धरलेलीच नाही, त्यामुळे मधुमेह असलेल्याचा धोका त्यात कमी दिसतो. ग्लुकोमीटर आमच्याकडे आहे, पट्ट्या संपलेल्या नसल्या तर. बोटाचा एक थेंब म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे. शुगर निघाली तर त्या माणसाला तक्त्यावर शोधू नका, थेट डॉक्टरांकडे द्या. तसंच ज्याला आधीच झटका किंवा लकवा येऊन गेलाय त्यालाही. त्याचा धोका शोधायचा राहिलेलाच नाही.

वयाचं एक गमतीचं. सगळ्यात जास्त वजन वयाला आहे आणि आमच्याकडे सगळ्यात ढिला आकडा वयाचाच. माझ्या रजिस्टरमध्ये अर्ध्या म्हाताऱ्यांचा जन्म एक जानेवारीचा आहे, आधार काढताना कोणीतरी टाकून दिलेला. मी आता वेगळं विचारते. चंद्रपूरपासून आपला जिल्हा वेगळा झाला, म्हणजे १९८२ साली, तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का? पोर होतं का? एका आजीनं सांगितलं, ‘तवा माही मोठी पोरगी बकऱ्या चारे.’ आधारवर आजी ५८ वर्षांच्या होत्या. हिशेब केला तर सत्तरीच्या अलीकडे काही भरेनात. दोन-तीन रकाने एका वाक्यात सरकले. प्रशिक्षणात हे असलं शिकवा. पॉवरपॉइंटवर धमन्यांची चित्रं आम्ही पुष्कळ पाहिलीत.

चाळिशीच्या आतल्यांचं काय, हे मला खरंच सुचत नाही. ‘इंटरहार्ट’मध्येच दिसलं होतं की दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो, बाकीच्या जगात जवळजवळ ५९व्या. आपल्याकडे सगळं लवकर घडतं आणि तक्ता चाळीसला उघडतो. ३५ वर्षांच्या ट्रॅक्टरवाल्याचा दाब १६० निघाला तर त्याला रंग दाखवता येत नाही. त्याच्यासाठी दाबाचा आकडाच पुरेसा धरावा लागेल.

आणि हा आकडा खरा असेल तरच पुढचं सगळं खरं. याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आमच्या कामाचा जीव इथे आहे. माणूस दोन किलोमीटर उन्हात चालत आला, दारात चप्पल काढली, स्टुलावर टेकला, आणि आम्ही पट्टा गुंडाळला. मशीन १५४ दाखवतं. पाच मिनिटं भिंतीला पाठ टेकवून बसवा, पायांची घडी मोडायला लावा, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवा, लघवी लागली असेल तर आधी जाऊ द्या, तोंडात खर्रा असेल तर थुंकून अर्धा तास जाऊ द्या, आणि मोजताना ‘यंदा धान कसं’ विचारू नका. तोच माणूस १३८ निघतो. उलटही होतं. ओपीडीत पन्नास जण असताना एकदाच मोजायचं आणि १३८ लिहून टाकायचं, कारण १४२ लिहिलं तर पुन्हा बोलवावं लागतं. हे मी कोणावर ठेवत नाही, मीही केलं आहे.

पट्टा म्हणजे कफ. आमच्याकडे एकच मापाचा आला. जाड दंडाला तो तोकडा पडतो आणि दाब खोटाच जास्त दाखवतो. शिक्षकबाईंचा दंड भरलेला, त्यांना तीन महिने मी घाबरवून ठेवलं. मोठा कफ मागून आणला तेव्हा दाब साधा निघाला. त्यांनी अजून मला पूर्ण माफ केलेलं नाही. बारीक दंडांना उलट त्रास: मोठा कफ खरा दाब झाकतो, आणि आमच्या बहुतेक बायकांचे दंड बारीकच आहेत. तेव्हा तक्त्याच्या पाकिटात तीन मापांचे कफ घाला. दर वर्षी मशीन तपासून द्या. सेलचे पैसे मंजूर करा. वजनकाटा मातीच्या जमिनीवर ठेवला तर दीड-दोन किलोचा फरक पडतो, म्हणून एक फरशीचा तुकडा. खर्च म्हणाल तर लिपिडच्या यंत्राच्या आसपासही जात नाही.

आता आदेशाचं. जागतिक आरोग्य संघटनेची उच्च रक्तदाबाच्या औषधोपचारांवरची २०२१ची मार्गदर्शिका सांगते की दाब १४०/९०च्या वर पक्का झाला तर औषध सुरू करा, शक्यतो चार आठवड्यांच्या आत, आणि १६०/१००च्या वर असेल तर न थांबता. रक्ताच्या चाचण्या आणि ईसीजी करा, पण त्यामुळे उपचार लांबत नसतील तरच. धोक्याचं मूल्यमापनही त्याच अटीवर. १७६ आणि १७२ या माझ्या आकड्यांना काय करायचं होतं, ते तिथे लिहिलेलं होतं.

एखादा चाणाक्ष अधिकारी इथे विचारेल की १४०च्या वर सगळ्यांनाच गोळी द्यायची तर तक्ता कशाला? बरोबर विचारलंत. एक, १३० ते १३९ मधले लोक. त्यातल्या कोणाला औषध लागेल हे त्याच्या एकूण धोक्यावर ठरतं. दोन, कोलेस्टेरॉलची गोळी, स्टॅटिन. संघटनेच्याच ‘हार्ट्स’ पद्धतीत धोका २० टक्क्यांच्या पुढे गेला की ती देता येते, कोलेस्टेरॉलचा आकडा हातात नसला तरी. तीन, माझे दोन पाय. तिशीच्या वरची हजारभर माणसं, मी एक, एक सिस्टर, एक आरोग्य सेवक आणि आशाताई. कोण औषध चुकवतंय हे बघायला कोणाच्या दारात आधी जायचं? लाल चौकोनवाल्याच्या. आज आम्ही यादीत ज्याचं नाव वर असेल त्याच्याकडे जातो, आणि यादी पोर्टल अकारविल्हे काढून देतं. असंसर्गजन्य आजारांत आमच्या जिल्ह्यात ‘अ’पासून नावं असणाऱ्यांची भारी काळजी घेतली जाते.

पहिली गोळी पीएचसीच्या डॉक्टरांनीच लिहावी, त्यावर माझा वाद नाही. पण त्यांनी ती फोनवर, मी सांगितलेले दोन दिवसांचे आकडे आणि चौकोनाचा रंग ऐकून लिहावी, आणि महिन्याची पाकिटं माझ्या कपाटात असावीत. हे राज्याला नवं नाही. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात २०१८च्या सुमारास सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि आमच्या शेजारचा भंडारा जिल्हा आधी घेतले होते. ठरलेली औषधं, ठरलेला क्रम, अॅम्लोडिपिनपासून सुरुवात, एका वेळी महिन्याभराच्या गोळ्या, जवळच्या केंद्रातून. त्यातला साधेपणा डॉक्टरांपेक्षा रोग्यांना जास्त आवडला, असं माझी वर्ध्याकडची मैत्रीण सांगते. तोच साधेपणा तक्त्यात आणायचा आहे.

लोकांना हे कसं सांगायचं, याचा प्रयोग मी करून पाहिला आहे. इंटरनेटवरून इंग्रजी तक्ता उतरवून त्याचा कृष्णधवल प्रिंट काढला आणि रंगपेन्सिलींनी रंगवला. टक्के कोणाला कळत नाहीत, म्हणून धानाचे शंभर दाणे वाटीत घेतले. एका काकांचा चौकोन लाल आला होता. मी वीस दाणे बाजूला काढले आणि म्हटलं, तुमच्यासारखे शंभर जण असतील तर दहा वर्षांत इतक्यांना झटका येईल किंवा लकवा मारेल. काकांनी बराच वेळ दोन्ही ढिगांकडे पाहिलं. मग मोठ्या ढिगावर बोट ठेवून म्हणाले, ‘मी इकडचा.’ आशाताई हसल्या, मीही हसले. खरं तर त्यांचं चुकलं काहीच नव्हतं. तक्ता शंभरांबद्दल बोलतो, माणूस एक असतो. पण काकांनी जाताना विचारलं की गोळी खाल्ली तर यातले किती दाणे परत येतात. इतका नेमका प्रश्न मला आजवरच्या एकाही प्रशिक्षणात कोणी विचारलेला नाही. मी म्हटलं, सगळे नाहीत, पण वाटीत हात घालण्याइतके येतात. ते गोळी घेतात. खर्रा सहावरून तीनवर आणला आहे, असं ते म्हणतात. त्यांच्या बायकोच्या म्हणण्यानुसार पाचवर.

प्रयोगशाळा नकोत, असं कुठेही वाचू नका. किडनीसाठी क्रिएटिनिन लागतं, मधुमेहाचा पाठपुरावा करायला रक्त लागतं, रुग्णालयांत लिपिडही व्हावं. पण क्रम बदला. ज्याच्या दारात जाऊन मोजपट्टी आणि मशीननं आज कळतं, त्याला रिपोर्टच्या नावानं दोन महिने ताटकळत ठेवू नका. आदेशात हे एक वाक्य हवं: कोलेस्टेरॉलचा अहवाल उपलब्ध नाही या कारणास्तव रक्तदाबाचे औषध वा धोक्याचे मूल्यमापन थांबवू नये. सरकारी मराठी मला जमली नसेल तर दुरुस्त करून घ्या.

तक्ता छापाल तेव्हा पुरुष आणि स्त्रिया वेगवेगळ्या बाजूंना छापा, ‘धूम्रपान’च्या खाली ‘खर्रा, मिश्री, तंबाखू’ असा शब्द येऊ द्या, आणि वयाचे आकडे मोठे ठेवा, आमच्या सिस्टरना चष्मा लागला आहे. एक प्रत भिंतीसाठी, एक प्रत्येक आशाताईच्या पिशवीसाठी. भिंतीवरच्याला प्लास्टिक लावून पाठवा. जुलैपासून आमच्या भिंतींना ओल येते आणि साधा कागद पोळ्यापर्यंत टिकत नाही.

आपली नम्र,
एक समुदाय आरोग्य अधिकारी
गडचिरोली जिल्हा